कशाच्या तुलनेत? पर्यायी उपचारांवरचं संशोधन वाचायला शिकताना

जर्मनीत जुन्या कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर एक मोठी चाचणी झाली. २००७ साली तिचे निष्कर्ष छापून आले. रुग्णांचे तीन गट केले होते. पहिल्या गटाला चिनी परंपरेतल्या नेमक्या बिंदूंवर अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचल्या. दुसऱ्या गटालाही सुया टोचल्या, पण वरवर आणि भलत्याच जागी. तिसऱ्या गटाला औषधं, फिजिओथेरपी, व्यायाम असे नेहमीचे उपचार दिले. सहा महिन्यांनी पाहिलं, तर पहिल्या गटातल्या ४७.६ टक्के लोकांना बऱ्यापैकी आराम पडला होता, दुसऱ्यातल्या ४४.२ टक्के आणि तिसऱ्यातल्या २७.४ टक्के.

आता याची बातमी कशी द्याल? ‘अ‍ॅक्युपंक्चर नेहमीच्या उपचारांहून सरस’ ही बातमी खरी आहे. ‘सुई नेमक्या बिंदूवर टोचली काय आणि भलतीकडे टोचली काय, सारखंच’ हीसुद्धा खरी आहे. समर्थक आणि विरोधक एकाच तक्त्यातले आपापल्या सोयीचे आकडे उचलतात आणि मग वर्षानुवर्षं भांडत बसतात. मी या विषयात नवा होतो तेव्हा दोघांचंही पटायचं, आणि ज्याचं शेवटी वाचलं त्याच्या बाजूने मी व्हायचो. पुढे एक प्रश्न विचारायची सवय लागली: कशाच्या तुलनेत? हा लेख त्या सवयीबद्दल आहे. वैद्यकीय शिक्षण नसलं तरी चालेल. एक वही हवी आणि थोडा दम.

पायरी १ : आधी प्रश्न नीट लिहा

‘योगाचा फायदा होतो का?’ या प्रश्नाला उत्तर नाही, कारण त्यात कोणाला, कशासाठी, किती दिवस आणि कशाच्या तुलनेत यातलं काहीच नाही. वहीत चार ओळी लिहा: रुग्ण कोण, उपचार नेमका कोणता, तुलना कशाशी, आणि मोजायचं काय. ‘जुनी कंबरदुखी असलेल्या प्रौढांनी तीन महिने योगवर्ग केला, तर घरी पुस्तिका वाचून व्यायाम करणाऱ्यांपेक्षा त्यांचं रोजचं चालणं-वाकणं सुधारतं का?’ एवढं लिहिलं की शोधायला काहीतरी हाताशी येतं.

इथेच दोन शब्द वेगळे ठेवायला शिका. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घेतला तर तो पूरक उपचार. ते बाजूला सारून घेतला तर पर्यायी. औषध तेच असलं तरी परिणाम फार वेगळे होतात. २०१८ साली अमेरिकेत कर्करोगाच्या नोंदी तपासून एक अभ्यास झाला. स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस आणि मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या २८१ रुग्णांनी फक्त पर्यायी उपचार घेतले होते. त्यांची तुलना नेहमीचे उपचार घेतलेल्या ५६० जणांशी केली. पहिल्या गटात मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. हा नोंदींवरून केलेला अभ्यास आहे, रुग्णांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केलेली नव्हती; पण असा प्रश्न चिठ्ठ्या टाकून तपासायला कुठली नीतिसमिती परवानगी देणार?

आणखी एक गोष्ट. जडीबुटी, सुया, ध्यान, मालिश, होमिओपॅथी हे सगळं एकाच नावाखाली येतं ते केवळ सोयीसाठी. ध्यानाचा पुरावा होमिओपॅथीच्या कामी येत नाही. एखाद्या लेखात ‘पर्यायी उपचारांवर आता भरपूर संशोधन झालंय’ असं मोघम वाक्य दिसलं, की कोणता उपचार आणि कोणता आजार ते शोधा. बहुतेकदा सापडत नाही.

पायरी २ : योग्य ठिकाणी शोधा, योग्य नावाने शोधा

पबमेड हा अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा फुकट शोधसंग्रह आहे. तिथे बाजूच्या फिल्टरमध्ये ‘सिस्टिमॅटिक रिव्ह्यू’ निवडून सुरुवात करा. सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणजे एका प्रश्नावरच्या सगळ्या चाचण्या ठरलेल्या पद्धतीने गोळा करून, त्यांची गुणवत्ता तपासून काढलेला आढावा. १९९३ मध्ये सुरू झालेली कॉक्रेन ही संस्था असे आढावे करते, आणि शेवटी साध्या भाषेतला सारांशही देते. आढाव्यातून मग एकेका चाचणीकडे उतरा. नवखे लोक उलट करतात: एक चाचणी सापडते, ती आवडते, तिथेच थांबतात.

अमेरिकन सरकारने या विषयासाठी वेगळी संस्थाही काढली आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ‘ऑफिस ऑफ अल्टरनेटिव्ह मेडिसिन’ या नावाने ती सुरू झाली, १९९८ मध्ये मोठं केंद्र झाली आणि २०१४ च्या अखेरीस तिचं नाव ‘नॅशनल सेंटर फॉर कॉम्प्लिमेंटरी अँड इंटिग्रेटिव्ह हेल्थ’ झालं. नावातून ‘अल्टरनेटिव्ह’ गळून पडलं, हे लक्षात आलं ना? तिच्या संकेतस्थळावर एकेका वनस्पतीची माहितीपत्रं आहेत. घाई असेल तर तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

वनस्पती शोधताना तिचं शास्त्रीय नाव वापरा. अश्वगंधेसाठी ‘विथानिया सोम्निफेरा’ असं शोधलंत, तर कोणी कोणत्याही नावाने लिहिलेलं असलं तरी बहुतेक हाती लागतं. नावांचा घोळ नुसता शोधण्यापुरता त्रासदायक नसतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पती घेणाऱ्या स्त्रियांची मूत्रपिंडं अचानक निकामी होऊ लागली. ‘स्टेफानिया टेट्रांड्रा’ या वनस्पतीच्या जागी ‘अ‍ॅरिस्टोलोकिया फांगची’ आली होती. चिनी नावं इतकी जवळची, की अदलाबदल कोणाच्या ध्यानातही आली नाही. अ‍ॅरिस्टोलोकियातलं आम्ल मूत्रपिंडाला घातक असतं. शंभरच्या आसपास लोकांना बाधा झाली आणि पुढे त्यांतल्या अनेकांना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. म्हणून अभ्यासात वनस्पतीचं पूर्ण शास्त्रीय नाव, तिचा कोणता भाग वापरला, अर्क कसा काढला आणि मात्रा किती होती, हे दिलेलं नसेल तर तो अभ्यास नेमका कशाबद्दल आहे हेच कळत नाही.

पायरी ३ : अभ्यास काचेच्या बशीतला, उंदरातला की माणसातला?

शोधनिबंधाच्या सारांशाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांत हे कळतं. हळदीतलं कर्क्युमिन याचं नामी उदाहरण. बशीतल्या पेशींवर त्याचे परिणाम शेकडो शोधनिबंधांत आहेत. पण तोंडावाटे घेतलेलं कर्क्युमिन रक्तात जेमतेम पोचतं. शिवाय ते रासायनिकदृष्ट्या अस्थिर असतं आणि प्रयोगशाळेतल्या अनेक चाचण्यांमध्ये फसवे ‘होकार’ देतं. औषध-रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये एका सविस्तर आढाव्यात हे सगळं मांडलं. बशीत पेशी मेल्या म्हणून हरखून जाऊ नये, साबणाच्या पाण्यानेही त्या मरतात.

‘हजारो वर्षांची परंपरा आहे’ हा युक्तिवादही याच पायरीवर तपासायचा. परंपरा दिशा दाखवू शकते, यात शंका नाही. चिनी शास्त्रज्ञ तू योयो यांची गोष्ट बघा. मलेरियावर औषध शोधायचा चीनचा गुप्त प्रकल्प १९६७ मध्ये सुरू झाला. तू यांच्या गटाने दोन हजारांहून जास्त पारंपरिक पाठ चाळले, सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क उंदरांवर तपासले. एका वनस्पतीच्या अर्काचा गुण कधी यायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या एका वैद्यकग्रंथात ती वनस्पती उकळायला नव्हे, तर पाण्यात भिजवून पिळून घ्यायला सांगितलं होतं. त्यावरून तू यांना सुचलं की अर्क काढताना दिलेली उष्णता औषध मारत असावी. त्यांनी कमी तापमानाला उकळणारं ईथर वापरलं आणि १९७१ च्या ऑक्टोबरमध्ये १९१ क्रमांकाचा नमुना उंदरांवर शंभर टक्के लागू पडला. पुढे तू आणि सहकाऱ्यांनी तो आधी स्वतः घेऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हे मलेरियावरचं औषध आलं आणि २०१५ चं नोबेल. परंपरेचे समर्थक ही गोष्ट हमखास सांगतात. ती सांगताना बाकीच्या शेकडो अर्कांचं काय झालं ते मात्र गाळतात. तेही परंपरेतलेच होते.

पायरी ४ : तुलनागट शोधा. इथे वेळ घाला

सारांशाचा निष्कर्ष वाचण्याआधी ‘पद्धती’ हा भाग उघडा आणि दुसऱ्या गटाला काय दिलं ते वहीत लिहा. दुसरा गटच नसेल, नुसतं ‘४० रुग्णांना औषध दिलं, ३२ बरे झाले’ असं असेल, तर तो अभ्यास जवळपास काहीच सांगत नाही. दुखणं वर-खाली होत असतं. माणूस उपचाराला जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, आणि शिगेच्या पुढे उतारच असतो. त्या उतारावर जे कोणी औषध देईल, त्याच्या नावावर श्रेय जमा होतं. सर्दी, पाठदुखी, अर्धशिशी, त्वचेचे चट्टे, सगळ्यांचं असंच.

दुसरा गट असला, तरी तो कोणत्या जातीचा आहे ते महत्त्वाचं. तो नुसता प्रतीक्षायादीवर असेल, तर उपचार जवळजवळ नेहमीच जिंकतो. यादीवरचा माणूस निराश असतो, उपचार घेणाऱ्याकडे मात्र कोणीतरी लक्ष देत असतं. नुसत्या लक्ष देण्याचा परिणाम केवढा असतो, ते २००८ च्या एका चाचणीत दिसलं. पोटाच्या इरिटेबल बॉवेल सिंड्रोमचे २६२ रुग्ण होते. काही जण प्रतीक्षायादीवर, काहींना लुटुपुटूचं अ‍ॅक्युपंक्चर (सुई आतच जात नाही, पण टोचल्यासारखं वाटतं), आणि काहींना तेच लुटुपुटूचं अ‍ॅक्युपंक्चर, पण उपचारक आपुलकीने बोलणारा, विचारपूस करणारा. तीन आठवड्यांनी समाधानकारक आराम पडलेले: २८ टक्के, ४४ टक्के आणि ६२ टक्के. खरा उपचार एकालाही मिळाला नव्हता! मला विचाराल तर या क्षेत्रातली जी थोडी संशोधनं प्रत्येकाने वाचावीत, त्यांत हे एक.

म्हणून चांगल्या चाचणीत दुसऱ्या गटाला दिसायला-वाटायला तसाच, पण पोकळ उपचार देतात. गोळीच्या जागी तशीच गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळालं ते रुग्णालाही ठाऊक नसतं आणि तपासणाऱ्यालाही; याला ‘डबल ब्लाइंड’ म्हणतात. ही युक्ती जुनी आहे. १७८४ मध्ये फ्रान्झ मेस्मर या वैद्याच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’ची, म्हणजे एका अदृश्य शक्तीने रोग बरे होतात या दाव्याची, शहानिशा करायला फ्रान्सच्या राजाने समिती नेमली. तिच्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. बागेतलं एक झाड ‘भारलं’ आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला झाडांपाशी फिरवलं. चौथ्या झाडापाशी त्याला घेरी आली. भारलेलं झाड दुसरंच होतं. अशीच साधी चाचणी १९९० च्या दशकात अमेरिकेत एमिली रोझा या नऊ वर्षांच्या मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी केली. हात न लावता रुग्णाचं ‘ऊर्जाक्षेत्र’ जाणवतं म्हणणाऱ्या २१ उपचारकांना तिने पडद्याआड हात ठेवायला लावलं आणि माझा हात तुमच्या कोणत्या हातावर आहे ते ओळखा म्हटलं. २८० प्रयत्नांत १२३ बरोबर. नाणं उडवलं असतं तर याहून बरं जमलं असतं. १९९८ मध्ये हे एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं.

सगळीकडे पोकळ प्रतिकृती करता येत नाही. योगासनांचं किंवा मालिशचं प्लासिबो काय करणार? करणाऱ्याला कळतंच. अशा वेळी तितकाच वेळ, तितकंच लक्ष मिळणारा दुसरा गट, म्हणजे व्यायामवर्ग किंवा माहितीवर्ग, असला तर ती बऱ्यापैकी न्याय्य तुलना. ‘योगाला डबल ब्लाइंड लागू होत नाही, म्हणून तुलनागटच नको’ हा युक्तिवाद मात्र मान्य करू नका.

आणि गट पाडले कसे? चिठ्ठ्या टाकल्यासारखे, म्हणजे रँडमाइज्ड, की रुग्णांनी स्वतः निवडले? स्वतः निवडले असतील तर आधीपासूनच धडधाकट, हौशी लोक एका बाजूला जमतात.

पायरी ५ : मोजलं काय?

२०११ च्या एका चाचणीत दम्याच्या रुग्णांना आळीपाळीने चार गोष्टी दिल्या: खरा इन्हेलर, पोकळ इन्हेलर, लुटुपुटूचं अ‍ॅक्युपंक्चर आणि काहीच नाही. ‘बरं वाटतंय का?’ विचारलं तेव्हा पहिल्या तिन्हींत सुधारणा ५०, ४५ आणि ४६ टक्के, म्हणजे सारखीच. काहीच न दिल्यावर २१ टक्के. मग यंत्राने फुप्फुसांची क्षमता मोजली. खऱ्या इन्हेलरने ती २० टक्के वाढली, बाकी तिन्हींत सुमारे ७ टक्के.

दमेकऱ्याला बरं वाटणं आणि त्याच्या श्वासनळ्या उघडणं या दोन गोष्टी आहेत. वेदना, मळमळ, झोप यांच्या बाबतीत ‘वाटणं’ हेच मोजायचं असतं, तिथे रुग्णाचं म्हणणं प्रमाण. दमा, मधुमेह, कर्करोग यांत तेवढ्यावर भागत नाही.

पायरी ६ : आकड्यांशी फार न भांडता

रुग्ण किती, मधेच सोडून गेलेले किती, आणि आधी ठरवलेलं मोजमाप तेच शेवटी जाहीर केलं का, एवढं बघा. शेवटच्यासाठी चाचण्यांच्या नोंदवह्या आहेत, त्यांत चाचणीचा आराखडा आधीच नोंदवलेला असतो: अमेरिकेची ‘क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह’ २००० पासून, भारताची ‘सीटीआरआय’ २००७ पासून. नोंदणी क्रमांक बहुतेकदा सारांशाच्या तळाशी असतो.

वीस गोष्टी मोजल्या तर एखादी निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघायची शक्यता मोठी. उपगटांचंही तेच. गुडघ्याच्या संधिवातासाठी ग्लुकोसामाइन आणि कॉन्ड्रॉइटिन ही पूरकं (सप्लिमेंट) तपासणारी १,५८३ रुग्णांची अमेरिकन चाचणी २००६ मध्ये छापून आली. प्लासिबो गटात ६०.१ टक्क्यांना आराम, दोन्ही पूरकं एकत्र घेणाऱ्यांत ६६.६ टक्क्यांना. हा फरक योगायोगाच्या हद्दीत होता. पण मध्यम ते तीव्र वेदना असलेल्या ३५४ जणांचा छोटा उपगट वेगळा काढला, तर आकडे ५४.३ आणि ७९.२! जाहिरातीत कोणती जोडी जाते, ते सांगायला नको. उपगटातला निष्कर्ष म्हणजे पुढच्या चाचणीसाठीचा प्रश्न, तेवढाच धरा.

प्लासिबोवर साठ टक्के, हा आकडासुद्धा जरा थांबून वाचा.

पायरी ७ : कोणी केलं, कुठे केलं

पैसा कोणाचा, हे शेवटी बारीक अक्षरात दिलेलं असतं. पण मला त्याहून बोलकं वाटतं ते भूगोलाचं. १९९८ च्या एका पाहणीत चीन, जपान, हाँगकाँग आणि तैवानमधून आलेल्या अ‍ॅक्युपंक्चरच्या सगळ्या चाचण्या अनुकूल निघाल्या होत्या. एकही प्रतिकूल नाही. नैराश्यासाठी वापरल्या जाणाऱ्या सेंट जॉन्स वर्ट या वनस्पतीचं तसंच: २००८ च्या कॉक्रेन आढाव्यात २९ चाचण्या होत्या, गुण एकंदरीत प्लासिबोहून सरस दिसला, पण जर्मन भाषक देशांतल्या चाचण्यांत तो इतर देशांपेक्षा ठळक होता. कोणी खोटं बोललं असंच नव्हे. नापसंत निकाल कपाटात राहणं पुरेसं असतं.

पायरी ८ : सुरक्षिततेसाठी वेगळा शोध घ्या

गुणाच्या चाचण्या छोट्या असतात. क्वचित होणारा अपाय त्यांत दिसत नाही, म्हणून वनस्पतीचं नाव आणि ‘अपाय’, ‘यकृत’, ‘औषधांशी परस्परक्रिया’ असा नवा शोध करा. वर म्हटलेलं सेंट जॉन्स वर्ट यकृतातली औषधं निकामी करणारी यंत्रणा वेगवान करतं. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्या, एचआयव्हीची काही औषधं, अवयवरोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांचं रक्तातलं प्रमाण घसरतं. २००४ मध्ये बॉस्टन भागात विकल्या जाणाऱ्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं होतं. चाचणीतलं शुद्ध औषध आणि तुमच्या हातातली बाटली एकच आहे, हे कुठल्याही शोधनिबंधात लिहिलेलं नसतं. जे घेता ते डॉक्टरांना सांगा, ऑपरेशन ठरलं असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा, आणि बाटलीच दाखवा.

पहिलं पान भरून बघा

सरावासाठी गिंको घ्या, स्मरणशक्तीच्या नावाने खपणारी वनस्पती. २००८ ची एक अमेरिकन चाचणी शोधा आणि ओळी भरा. रुग्ण: ७५ किंवा त्याहून जास्त वयाचे ३,०६९ जण, ज्यांना स्मृतिभ्रंश नव्हता. उपचार: १२० मिलिग्रॅम अर्क, दिवसातून दोनदा. तुलना: तसाच दिसणारा प्लासिबो. काळ: मध्यक ६.१ वर्षं. मोजलं काय: नवा स्मृतिभ्रंश किती जणांना झाला. निकाल: गिंको गटात २७७, प्लासिबो गटात २४६, गिंकोने तो टळला नाही. त्याखाली आणखी एक ओळ सोडा, ‘या चाचणीने काय विचारलंच नाही’ अशी. पन्नाशीत गिंको सुरू केलं तर काय, हे तिने विचारलेलं नाही. ते पान वेगळं.